किमान यंत्रणेत आपली भाषा कुठे बसते?

शाळेतला जुना संगणक भंगारात काढण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. तो खरोखर मेला आहे, की त्याच्यावर लादलेली यंत्रणा त्याला पेलेनाशी झाली आहे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि किमान ४ जीबी मेमरी लागते. आपल्या अनेक शाळांमधले संगणक या अटीत बसत नाहीत. ते बहुतेक कुठल्यातरी ऑफिसने वापरून दान केलेले असतात. त्यामुळे येत्या काळात उर्दू आणि मराठी शाळांच्या संगणक-खोल्यांना एक तर कुलूप लागेल, नाहीतर त्या खोल्या स्टोअररूम होतील. हे टाळता येतं, असं माझं ठाम मत आहे. पण त्यासाठी एक कसब शिकावं लागेल, आणि एक गोष्ट आग्रहाने मागावी लागेल. या लेखात मी त्या दोन्हींबद्दल बोलणार आहे.

मी संगणकाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. तरीही हा विषय माझा आहे असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

आधी उपाय काय आहे ते सांगते. टायनी कोअर लिनक्स नावाची एक अगदी छोटी यंत्रणा आहे. रॉबर्ट शिंगलडेकर यांनी ती सुरू केली आणि तिची पहिली पक्की आवृत्ती २००९ च्या सुरुवातीला आली. पडद्यावर खिडक्या आणि माऊस दाखवणारी तिची आवृत्ती २५ एमबीच्या आत बसते. मोबाईलवर लग्नाचे आठ-दहा फोटो आले की तेवढी जागा जाते. ही यंत्रणा हार्ड डिस्कवर मुक्काम करत नाही. संगणक सुरू झाला की ती मेमरीत येऊन बसते आणि बंद झाला की निघून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी पाटी. कुणी काही बिघडवलं तरी बटण बंद करून सुरू केलं की सगळं पूर्ववत. शाळेसाठी याहून चांगली सोय कुठली?

पण एवढी छोटी असल्यामुळे तिच्यात फारसं काही नसतं. ब्राउझर, लेखनाचा प्रोग्रॅम, फॉन्ट, हे सगळं वेगवेगळ्या पॅकेजमधून येतं. यंत्रणा सुरू होताना एक यादी वाचते आणि यादीतली पॅकेजं एकेक करून जोडत जाते. ही पॅकेजं पेनड्राइव्हवर ठेवता येतात. पण बारा संगणकांना बारा पेनड्राइव्ह लावले, तर महिन्याभरात त्यातले चार गायब होतात. त्यापेक्षा एका बऱ्या संगणकाला सर्व्हर करायचं, सगळी पॅकेजं त्याच्यावर ठेवायची आणि बाकीच्यांनी सुरू होताना केबलवरून ती मागवून घ्यायची. कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, तोही तिथूनच. मग त्या संगणकांची हार्ड डिस्क जळालेली असली तरी चालतं. पॅकेज बदलायचं तर एकाच जागी बदला, बाराही संगणकांना मिळतं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी काही संगणक नीट येतात, काही रिकाम्या पडद्यावर थांबतात, काही आज चालतात आणि उद्या चालत नाहीत. इथेच आपल्याकडे बहुतेक प्रयोग संपतात. कुणीतरी म्हणतं, "आपा, नेट नाहीये." दुसरा म्हणतो, "मशीनच जुनी आहे." तिसरा फॉर्मॅट मारायला बसतो. हे तिन्ही निदान नव्हेत. खरं तर हे निदान टाळण्याचे तीन मार्ग आहेत.

माझ्या मुस्लिम वाचकांना यासाठी एक ओळखीची कल्पना आठवून देते, इतरांना ती नव्याने सांगते. हदीसच्या अभ्यासात कुठलंही कथन स्वीकारण्याआधी त्याची सनद पाहतात. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने आणखी कुणाकडून, अशी साखळी. विद्वान एकेका कडीपाशी थांबतो आणि विचारतो, हा माणूस विश्वासाचा होता का? ज्याच्याकडून ऐकल्याचं तो सांगतो, त्याची आणि याची गाठ पडली होती का? मधली कडी निखळलेली असेल तर त्या सनदीला मुन्कतिअ म्हणतात, तुटलेली. साखळी तुटली आहे एवढं म्हणून काम भागत नाही, कुठे तुटली ते दाखवावं लागतं.

केबलवरून येणाऱ्या पॅकेजचीही अशीच सनद असते. पॅकेज सर्व्हरच्या डिस्कवरून निघतं आणि मुलीच्या पडद्यावर अक्षर म्हणून उमटतं. मधे आठ-दहा कड्या आहेत: केबल, नेटवर्क कार्ड, पत्ता देणारी सेवा, कर्नल, त्या कार्डाचा ड्रायव्हर, सर्व्हर, यादी, फाइल, मेमरी. प्रत्येक कडीला एकच प्रश्न विचारायचा: तुला मागच्याकडून मिळालं का, आणि तू पुढच्याला दिलंस का? ज्या कडीला मिळालं पण जिने पुढे दिलं नाही, दोष तिथे.

एका शाळेतला बारा संगणकांचा अनुभव सांगते. आमचा एक माजी विद्यार्थी संगणक-दुरुस्तीचं काम करतो. त्याने आणि नववीच्या मुलींनी मिळून हे शोधलं. मी वही धरून बसले होते. तीन वेगवेगळे दोष निघाले, आणि तिन्हींवर आधी एकच शिक्का बसला होता: "नेट नाही."

पहिला दोष पाच संगणकांचा. ते सुरू व्हायचे, सर्व्हरवरून कर्नल यायचा, कोरा डेस्कटॉप दिसायचा, पण पॅकेज एकही नाही. सगळ्यांना कोडं पडलं. नेटवर्क नसेल तर कर्नल कुठून आला? आणि असेल तर पॅकेजं का नाहीत? उत्तर असं की या प्रवासात नेटवर्क दोनदा जोडलं जातं. सुरुवातीला कार्डातच कोरलेला छोटा प्रोग्रॅम काम करतो. त्याला पीएक्सई म्हणतात. तो पत्ता मागतो, कर्नल आणतो आणि बाजूला होतो. मग कर्नल जागा होतो आणि तेच कार्ड स्वतःच्या ड्रायव्हरने नव्याने ओळखू पाहतो. काही कार्डांना त्या ड्रायव्हरसोबत फर्मवेअरची एक वेगळी फाइल लागते. ती फाइल पॅकेजमध्ये, पॅकेज सर्व्हरवर, आणि सर्व्हरपर्यंत जायला तीच फाइल हवी! कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप. यावर इलाज म्हणजे ती फाइल पॅकेजांच्या यादीत न ठेवता कर्नलसोबत येणाऱ्या पहिल्या गाठोड्यातच बांधून देणं. मूळ गाठोडं फोडावंही लागत नाही. त्याच्या जोडीला दुसरं छोटं गाठोडं देता येतं, आणि सुरुवातीच्या सेटिंगमध्ये दोन्हींची नावं स्वल्पविरामाने लिहिली की कर्नल दोन्ही उघडतो. पाचही संगणक चालू लागले. ते "जुने" नव्हतेच.

दुसरा दोष अधिक चकवणारा होता. दोन संगणक एक दिवस चालायचे, एक दिवस नाही. असं झालं की आपण नशिबाला बोल लावतो. मुलींनी मात्र रोज सकाळी संगणकाला मिळालेला पत्ता वहीत लिहायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. खोलीत पत्ते वाटणारे दोघे होते, एक आमचा सर्व्हर आणि दुसरा ब्रॉडबँडचा राउटर. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता संगणक घेतो. राउटरने दिला की पत्ता मिळायचा खरा, पण दुसऱ्याच मोहल्ल्याचा. त्या पत्त्यावरून बाहेरचं इंटरनेट दिसायचं, पण बाजूच्या टेबलावरचा सर्व्हर दिसायचा नाही. म्हणजे नेट होतं आणि तरीही काम होत नव्हतं. राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद केली, ते काम एकट्या सर्व्हरकडे ठेवलं, प्रश्न मिटला. इतर कुणाला असा कधी-आहे-कधी-नाही प्रकार दिसला तर स्विचही तपासावा. ऑफिसातून आलेले मोठे स्विच केबल जोडल्यावर साधारण ३० सेकंद वाट पाहून मगच त्या दाराने वाहतूक सोडतात. संगणकाने तेवढा धीर धरला नाही, तर दार उघडण्याआधीच तो परत फिरतो.

तिसरा दोष बाराही संगणकांवर होता, आणि माझ्या दृष्टीने तोच खरा विषय. आता सगळं येत होतं, ब्राउझर, लेखनाचा प्रोग्रॅम, चित्रं काढायचा प्रोग्रॅम. फक्त उर्दू येत नव्हती. नस्तालीकच्या जागी रिकामे चौकोन. कारण निघालं तेव्हा हसावं की रडावं कळेना. यादीत फॉन्टच्या पॅकेजचं नाव नंतर हाताने वाढवलं गेलं होतं, आणि पहिलं अक्षर कॅपिटल पडलं होतं. विंडोजमध्ये लहान-मोठ्या अक्षराने फाइलच्या नावात फरक पडत नाही. लिनक्समध्ये पडतो. सर्व्हरच्या लेखी त्या नावाची फाइलच नव्हती. त्याने तसं सांगितलंही. पण ती ओळ पडद्यावर क्षणभर येऊन वर सरकली आणि यंत्रणा पुढे गेली. याचा एक भाऊबंद दोष आहे. यादी विंडोजवर तयार केली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह चिकटू शकतं. नाव डोळ्यांना बरोबर दिसतं आणि यंत्राला चुकीचं. म्हणून यादी शक्यतो सर्व्हरवरच लिहावी.

या तीन दोषांतला फरक पाहा. फर्मवेअर नव्हतं तेव्हा संगणक अडला आणि सगळ्यांना कळलं. पत्ता चुकला तेव्हाही संगणक अडला आणि कळलं. उर्दू नव्हती तेव्हा काहीच अडलं नाही. डेस्कटॉप आला, घड्याळ चालू झालं, मेनू उघडला. खोली पाहायला आलेल्या पाहुण्यांनी "छान, सगळे चालू आहेत" म्हणून शाबासकीही दिली असती. भाषा गायब असणं हा बिघाड म्हणून मोजलाच जात नाही.

हे तंत्राचं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. किमान यंत्रणा म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. काय काढलं तरी चालेल, काय राहायलाच हवं, याची यादी होते. त्या यादीत इंग्रजी मुळातच असते, कारण ती वेगळी मोजली जात नाही. लिनक्सच्या काळ्या मजकुरी पडद्यावर एका वेळी २५६ किंवा फार तर ५१२ अक्षराकृती मावतात. देवनागरी जोडाक्षरं आणि नस्तालीकची वळणं तिथे बसतच नाहीत. म्हणजे यंत्रणा आपल्याशी पहिलं वाक्य बोलते तेच इंग्रजीत. मराठी आणि उर्दू नंतर येतात, पॅकेज म्हणून, साखळीच्या शेवटच्या कडीला. साखळी कुठेही लचकली की आधी तुटतो तो शेवटचा टोकाचा भाग. कुणी द्वेषाने हे केलं असं मी म्हणत नाही. टायनी कोअर करणाऱ्यांनी तर सगळं खुलं ठेवलंय, हवं ते जोडा म्हणून सांगितलंय. पण जोडायचं काम ज्यांचं आहे, त्या आपल्यालाच ते शेवटी आठवतं, ही गोष्ट मला खुपते.

यातली एक गंमतही सांगायला हवी. फॉन्ट आला म्हणजे भाषा आली असं नसतं. मराठीत "शिक्षण" लिहिताना ऱ्हस्व वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसते आधी. क आणि ष मिळून क्ष होतो. उर्दूत तर एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मधे आणि शेवटी वेगळं रूप घेतं, आणि नस्तालीकमध्ये शब्द तिरका उतरत येतो. ही जोडणी करणारं एक वेगळं पॅकेज असतं. त्याचं नाव हार्फबझ. आज क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिबरऑफिस अशा अनेक ठिकाणी अक्षरं जुळवण्याचं काम तेच करतं. इराणी-कॅनेडियन अभियंता बेहदाद एस्फहबोद यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. आणि हे नाव म्हणजे फारसीतलं हर्फ-बाज़. हर्फ म्हणजे अक्षर, फारसीत बाज़ म्हणजे खुलं. फॉन्टच्या ओपनटाइप या तंत्राचा केलेला फारसी तर्जुमा! मराठीची जोडाक्षरं आणि उर्दूची वळणं जिथे एकाच हाताने जुळतात, त्या हाताचं नाव आपल्या ओळखीच्या शब्दांतलं आहे. मुलींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्या पॅकेजचं नाव यादीत स्वतःहून शोधलं.

म्हणूनच निदान करताना चौकोन आणि विस्कटलेली अक्षरं यांत फरक करावा. चौकोन दिसले तर फॉन्टचं पॅकेज आलेलं नाही. अक्षरं दिसतायत पण सुटी-सुटी आहेत, वेलांटी भलत्या जागी आहे, तर फॉन्ट आलाय पण जोडणारं पॅकेज नाही, किंवा तो प्रोग्रॅम त्याचा वापर करत नाही. ही तपासणी भाषेच्या शिक्षकाइतकी चांगली कुणालाच जमणार नाही. तंत्रज्ञाला अक्षरं दिसली की तो "झालं" म्हणतो. चुकलंय हे आपल्याला दिसतं.

भाषेचा शिक्षक इथे आणखी एका कामाचा आहे. यंत्रणा सुरू होताना जे इंग्रजी संदेश येतात, ते मुलं वाचत नाहीत. ते वाचायचे असतात हेच कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. पीएक्सई-ई६१ आला तर माध्यम-चाचणी फसली, केबल पाहा. ई५१ आला तर पत्ता देणारं कुणी भेटलंच नाही. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण कुठली फाइल उचलायची ते सांगितलं नाही. हा बहुधा राउटरचा प्रताप. ई३२ म्हणजे सर्व्हरला हाक मारली, उत्तर आलं नाही. टी०१ म्हणजे सर्व्हर भेटला, बोलला, पण त्या नावाची फाइल नाही म्हणाला. पुढे लिनक्समध्ये "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "कनेक्शन टाइम्ड आउट" यांत तेवढाच फरक आहे जेवढा दारातून नकार मिळण्यात आणि घरात कुणी नसण्यात आहे. पाच-सात वाक्यं आहेत. एका तासात शिकवून होतात. मी ती फळ्यावर तीन भाषांत लिहिली, इंग्रजी, उर्दू, मराठी. मुलींनी वहीत उतरवली. त्यानंतर "आपा, नेट नाहीये" हे वाक्य ऐकू येणं कमी झालं. आता त्या म्हणतात, "आपा, चार नंबरला फाइल मिळत नाहीये." हा फरक लहान नाही. पहिलं वाक्य तक्रार आहे, दुसरं निदान.

मला हे कसब संगणकापुरतं वाटत नाही. आपल्या समाजातल्या मुलांना आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या खिडकीवर उभं राहावं लागणार आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो, दाखल्यात नावाचं स्पेलिंग वेगळं पडतं, बँकेचं खातं जुळत नाही. तिथेही आपण "आपलं काम होतच नाही" म्हणून परत येतो. कधीकधी ते खरंही असतं, भेदभाव होतो, मी नाकारत नाही. पण साखळीची नेमकी कुठली कडी तुटली हे दाखवता आलं, तर समोरच्याला टाळाटाळ करणं अवघड जातं, आणि अन्याय असेल तर तोही नेमकेपणाने मांडता येतो. ज्या मुलीने सर्व्हरला "तुला यादी मिळाली का?" विचारलंय, ती उद्या कारकुनालाही "माझा अर्ज तुमच्याकडून पुढे कधी गेला?" असं शांतपणे विचारेल.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार असा: "नोकरीत विंडोज लागतं, मग लिनक्स शिकवून काय फायदा?" मी म्हणते, शाळेत एक-दोन संगणक विंडोजचे ठेवा, एमएस-सीआयटी ज्यांना करायची त्यांनी करावी. शिवाय उर्दूची जुनी छपाई ज्या इनपेजवर उभी आहे ते विंडोजवर चालतं, तेही खरं. पण टाइप करणं, फाइल सांभाळणं, चूक शोधणं हे कुठल्याही यंत्रणेवर शिकता येतं. बंद पडलेल्या विंडोजवर यातलं काहीच शिकता येत नाही. दुसरा आक्षेप: "फुकटचं ते हलकं." केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पातून पुढे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर नेलं आणि तिथली मुलं मागे पडली नाहीत. तिसरा: "सगळ्यांकडे मोबाईल आहे." मोबाईलवर पाहता येतं. चार पानी निबंध लिहून, दुरुस्त करून, पुन्हा लिहिणं होत नाही.

एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. टायनी कोअर स्वतः हलकी असली तरी आजचा ब्राउझर हलका नाही. एक जीबी मेमरीच्या संगणकावर तीन-चार वेबसाइट उघडल्या की तो गुदमरतो. पॅकेजंही मेमरीतच उतरवली तर जागा आणखी कमी होते. अशा संगणकावर लेखन, टायपिंग, सर्व्हरवर उतरवून ठेवलेली बालभारतीची पुस्तकं, एवढंच करावं. आणि सगळं एका सर्व्हरवर असल्यामुळे तो बसला की खोली बसते. म्हणून त्याला यूपीएस हवा आणि त्याच्या डिस्कची दुसरी प्रत हवी.

शेवटी माझी मागणी. ती शाळा-समित्यांकडे आहे, देणगीदारांकडे आहे, आणि मशिदीच्या बाजूच्या हॉलमध्ये संगणक-वर्ग काढणाऱ्या आपल्या तरुण मंडळांकडेही आहे.

भाषेची पॅकेजं यादीच्या शेवटी ठेवू नका. उर्दूचा एक फॉन्ट, मराठीचा एक, अक्षरं जोडणारं पॅकेज आणि दोन्हींचे कीबोर्ड, एवढं कर्नलसोबतच्या पहिल्या गाठोड्यात बांधून टाका. ज्या न्यायाने नेटवर्क कार्डाची फाइल तिथे गेली, त्याच न्यायाने हेही जावं. चार-पाच फाइली आहेत, आणि एवढा भार जुन्या संगणकालाही जाणवत नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये तयार मिळतो. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा खुला फॉन्ट आहे. पॅकेजांच्या भांडारात हवी ती गोष्ट नसेल तर स्वतःचं पॅकेज बांधणंही एका दुपारचं काम आहे.

आणि खोली तयार झाली की उद्घाटनाची फीत कापण्याआधी प्रत्येक संगणकावर एक चाचणी घ्या. एक ओळ उर्दूत आणि एक ओळ मराठीत लिहा, साठवा, बंद करा, सुरू करा आणि पुन्हा उघडा. दोन्ही ओळी जशाच्या तशा आल्या तरच तो संगणक चालू समजा. इंग्रजी मेनू आला म्हणून चालू समजू नका. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी शिकणं सक्तीचं झालं आहे. उर्दू माध्यमाच्या मुलीला एकाच तासात दोन्ही लिप्या लिहाव्या लागतात. तिच्यासाठी किमान म्हणजे हेच, दोन लिप्या. त्याहून कमी ते किमान नव्हे, अपुरं आहे.

ज्यांच्या शाळेत बंद खोली आहे त्यांनी या महिन्यात एवढंच करावं. कुलूप काढा, एक संगणक सुरू करा आणि पडद्यावर पहिली कुठली ओळ येते ती वहीत लिहा. पुढच्या कडीचा विचार त्यानंतर.